मी दादाला शिकवलेली भीती

माझा दादा लिफ्टचा मेकॅनिक. मीही त्याच धंद्यातला, पण माझं सोडा, मी जे काही शिकलो ते त्याच्या शिव्या खाऊन. वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि मी सहा. माझ्या वह्या, माझे बूट, माझं वाहतं नाक, सगळं त्याच्या गळ्यात पडलं. त्याने कधी कुरकूर केली नाही. केली असेल तर वहिनीजवळ, आणि ती बाई पोटात ठेवणारी.

बाकीचे मेकॅनिक आल्या आल्या पॅनल उघडतात. दादा आधी गप्प उभा राहायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग म्हणायचा, "डावीकडचं बेअरिंग. दोन महिने काढेल." दोन महिन्यांनी नेमकं तेच जायचं. मी चिडवायचो, "तूच गुपचूप येऊन बिघडवत असशील." तो म्हणायचा, "बारक्या, तू असताना मी कशाला तसदी घेऊ?"

त्याचे दोन नियम होते. पहिला, जो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरेल त्याने मेन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. म्हणजे वरून कुणी कितीही बटणं दाबली तरी लिफ्ट हलत नाही. दुसरा, काम संपवून निघताना फ्यूजची जागा रिकामी दिसता कामा नये. त्यासाठी एक जादा फ्यूज कायम त्याच्या शर्टाच्या खिशात. तीस वर्षं हे दोन्ही नियम शेजारीशेजारी गुण्यागोविंदाने नांदले, कारण आत्ता खड्ड्यात कोण आहे हे त्याच्या लक्षात असायचं.

मग एके दिवशी जिना चढताना त्याचं हृदय बंद पडलं. त्याच मजल्यावर राहणाऱ्या एका नर्सबाईंनी छाती दाबदाबून ते पुन्हा चालू केलं. पण मधली काही मिनिटं मेंदूला रक्त मिळालं नव्हतं. तीन आठवड्यांनी तो शुद्धीत आला, वहिनीला ओळखलं, मला "केस काप रे जरा" म्हणाला, आणि आम्ही आनंदाने रडलो. पाच मिनिटांनी तो पुन्हा म्हणाला, "केस काप रे जरा." मग दिवसभर तेच.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. म्हणाल्या, "आठवणींची एकच पेटी नसते. कानाच्या आतल्या बाजूला हा एक वाकडा तुकडा आहे. आज काय घडलं ते टिपून ठेवायचं काम याचं. रक्त तुटलं की हा सगळ्यात आधी मरतो. यांचा मेला. जुन्या गोष्टी वरच्या सालीत कधीच मुरल्यात, त्या राहतील. हाताचं कसब आणि सवयी वेगळ्याच भागांत असतात, तेही राहील." मग त्यांनी एक छोटा ठिपका काढला. "आणि हा बदामाएवढा भाग भीती लक्षात ठेवतो. तो धडधाकट आहे."

त्या ठिपक्याकडे मी तेव्हा नीट पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही एकाच घरात राहायचो, पण मी कामाला गेलो की त्याचे फार हाल व्हायचे. सकाळी आठला कपडे घालून दाराशी उभा, "बारक्या मला सोडून कसा गेला?" वहिनीने समजावलं की बसायचा, मान वळली की पुन्हा उठायचा. चाळीस वेळा. शेवटी मीच म्हटलं, नेतो बरोबर. आणि काय सांगू, मोटरसमोर उभा केला की माणूस जागेवर यायचा! स्क्रूड्रायव्हर कानाला, डोळे मिटलेले, "ब्रेकचा पट्टा घासतोय." खरंच घासत असायचा. बदलायला लागला की हात सराईतपणे चालायचे. संपलं की विचारायचा, "हे कुणी केलं? चांगलं केलंय." मी म्हणायचो, "आहे एक अडाणी." तो हसायचा.

खरं सांगायचं तर मलाही तो हवाच होता. जुन्या लिफ्टा फक्त त्यालाच कळायच्या. मदतीला दुसरा माणूस ठेवता आला असता. नाही ठेवला. हा माझा माज.

तो दिवस सात मजली इमारतीतला. मी खड्ड्यात, दादा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तेल देत होता. फ्यूज नियमाप्रमाणे माझ्या खिशात. मशीनच्या खोलीतल्या पॅनलवर मी पाटी लावली होती, "आत माणूस आहे." ती लिफ्ट अशी होती की वीज आली की आपोआप तळाशी उतरायची, आणि खड्ड्यातला बंद करायचा खटका केव्हाच निकामी झालेला. अचानक दोर थरथरले. वर पाहिलं तर काळं चौकोनी बूड खाली येत होतं. मी अख्खा जीव एकवटून ओरडलो, "दादाऽऽ!" ते माझ्या डोक्यावर दोन हातांवर थांबलं. माझ्या ओरडण्याने त्याने फ्यूज उपटला होता.

मी सात मजले पायी चढून गेलो. तो भिंतीला टेकून लटलट कापत होता. पाटी नीट घडी करून बाजूला ठेवलेली. तेल देऊन मान वर केली, तर फ्यूजची जागा रिकामी. म्हणजे काम संपलं आणि कुणीतरी वेंधळ्याने फ्यूज लावलाच नाही आणि पाटीही तशीच सोडली. त्याने खिशातला फ्यूज लावला. तीस वर्षांची शिस्त, चुकलं कुठे? दहा मिनिटांनी त्याचा थरकाप थांबला. म्हणाला, "चहा घेऊ या का? तू असा पांढराफटक का झालास?"

मी त्याच्या शर्टाचा खिसा रिकामा केला. त्याने तांब्याची तार वळून फ्यूज बनवला. मी पॅनलचं दार दोरीने बांधलं. अशी दोरी त्याला बघवेना, दार मोडलंय असं समजून त्याने ती सोडून नवी बिजागरी बसवली, आणि ती इतकी सुबक की मला रडावं की हसावं कळेना. पण एक गोष्ट मी पाहिली. त्या लिफ्टच्या पॅनलजवळ त्याचा हात गेला की मध्येच अडायचा. कपाळावर घाम. "काय रे झालं?" "काही नाही. उगाच कसंतरी होतंय." तो दिवस त्याला ठाऊक नव्हता, पण त्या बदामाला ठाऊक होता.

आणि मला वाटलं, अरे वा! हा शिकू शकतो.

मी मुळातच तापट, त्यात जिवाची धास्ती. मी त्याला शिकवायला घेतलं. फ्यूजच्या रिकाम्या जागेसमोर त्याला उभं करायचं, आपण मागे थांबायचं. हात पुढे गेला रे गेला की त्याच्या कानाशी लोखंडी दारावर पाना आपटायचा आणि फुफ्फुसं फाटेस्तोवर ओरडायचं. तो किंचाळून खाली बसायचा. मग थोडा वेळ थांबायचं, तो विसरायचा, पुन्हा उभं करायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, तीन आठवडे. विसरतोच आहे ना, मग काय बिघडलं, असं मी स्वतःला सांगायचो. वहिनीला काही बोललो नाही. बोललो नाही यावरूनच कळायला हवं होतं.

जमलं. चौथ्या आठवड्यात रिकामी जागा दिसली की तो दोन पावलं मागे सरायचा आणि हात पाठीशी बांधायचा. मी निर्धास्त खड्ड्यात उतरू लागलो. चक्क शीळ घालत.

मग वहिनी एकदा म्हणाली, "भाऊजी, हे हल्ली जेवताना ताट सोडून उठतात."

"भूक नसेल."

"तुम्ही आलात की उठतात."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून बघायला लागलो. मी मागून आलो की त्याचे खांदे कानापर्यंत चढायचे. मी दुसऱ्या खोलीतून हाक मारली की त्याच्या हातातला पेला हिंदकळायचा. मी चमचा ठेवला तरी तो दचकायचा. पुढे पुढे तर मी नुसता शेजारी बसलो की त्याच्या अंगाला दरदरून घाम. एका संध्याकाळी त्याने वहिनीला हळूच विचारलं, मी दारातच होतो, "हा बारक्याच ना गं? माझाच ना? मग मला याची भीती का वाटते?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. तिने उठून दादाचं कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "भीती पॅनलला चिकटली, तशीच तुमच्या आवाजालाही चिकटली. तुम्ही समोर नसलात, महिनोन्‌महिने, तर कदाचित फिकी होईल. पुसली जाईलच असं नाही."

"मी माफी मागेन. रोज मागेन."

"मागा. पण माफी टिपून ठेवणारा तुकडा आता नाही."

तरी मी मागितली. त्याच्यासमोर खाली बसलो, आवाज अगदी बारीक केला, काय काय केलं ते सांगितलं. दादाने सगळं ऐकलं. त्याचे डोळे भरले. "वेड्या, त्यात काय एवढं? जीव वाचवायला केलंस ना?" असं म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेला. तो हात वाटेतच थांबला. त्याने चकित होऊन आपल्याच हाताकडे पाहिलं. मी खोकलो तेव्हा तो हात त्याने पटकन मागे घेतला. अकरा दिवस मी रोज माफी मागितली आणि अकराही दिवस त्याने मनापासून दिली. प्रत्येक दिवशी तो थोडा लांब बसलेला असायचा.

बाराव्या दिवशी मी त्या घरातलं माझं सामान बांधलं. कामाला आता दुसरा माणूस ठेवलाय. दादा घरीच असतो, वहिनीने जुनी मोटर आणून दिलीय, ती तो रोज उघडतो आणि रोज जोडतो.

निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. चेहरा अगदी पूर्वीचा, मला शाळेत सोडायला यायचा तेव्हाचा.

"कुठे रे चाललास?"

"कामाला."

"जपून जा. लवकर ये, एकटं जेवण जात नाही मला."

मी "हो" म्हणून दोन पायऱ्या उतरलो. मागे दार लागलं. मग आतून कडी सरकली, मग वरची, मग त्याने खुर्ची ओढत आणून दाराला लावल्याचा आवाज आला.