प्रणालीचा उलटा कागद

“घाबरणारी मुलगी आधी द्या. ती बघून उतरते.”

आठ वर्षांपूर्वी बाळकुमच्या गच्चीवर प्रणाली मला हे म्हणाली होती. माझी मिहिका तेव्हा अकरा वर्षांची, माझ्या ओढणीमागे लपलेली.

प्रणाली जाऊन आज वर्ष झालं.

ती स्नोबोर्डिंग शिकवायची. ठाण्यात. जिथे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो.

दर रविवारी आम्ही कल्याण-डोंबिवलीच्या आया मुलींना घेऊन तिच्याकडे जायचो. पाइपवर फळी, फळीवर मुलगी. आणि जिन्यात मेथी निवडत बसलेली प्रणालीची आई. आम्हा सगळ्यांची काकी.

“बरफ नाय, काय नाय, नि पोरी गच्चीवर घसरतान.”

“आये, तुझ्या मिठागरासारखंच असतं गं ते. पांढरं.”

“मिठावरून कोन घसरत नवता.”

मुली हसता हसता फळीवरून पडायच्या.

प्रणाली त्यांना फ्रीराइडच्या स्पर्धांसाठी तयार करत होती. त्यात झेंडे नसतात, आखलेली वाट नसते. आख्खा डोंगर समोर, आणि वाट तुमची तुम्ही ठरवायची. त्या उतारावर आधी सराव करायला मिळत नाही. खालून दुर्बिणीने बघायचं, लक्षात ठेवायचं, मग वर जायचं.

आणि वर गेलं की सगळं उलटं. खालून उजवीकडे दिसलेला खडक आता डावीकडे.

म्हणून तिचा होमवर्क ठरलेला. ती व्हॉट्सॲपवर डोंगराचा फोटो पाठवायची. मुलींनी त्यात आपली वाट ठरवायची, आणि तीच वाट वरून कशी दिसेल ते कोऱ्या कागदावर काढायचं. फोटो न फिरवता. डोक्यात फिरवून.

गेल्या वर्षी गुलमर्गला जायच्या आधी मिहिकाची कॉलेजची परीक्षा होती.

मी म्हटलं, “तू अभ्यास कर, हे मी बघते.”

शाळेत तिचे प्रोजेक्ट मीच करायचे. तसंच हे. फोटोची प्रिंट काढली, उलटी धरली, वर कागद ठेवून गिरवलं. मिहिकाच्या फोनवरून पाठवलं. असे सहा कागद.

प्रणालीचा रिप्लाय आला, “मस्त. आता ही तयार आहे.”

मी खूश झाले होते. हे आज लिहायलाच हवं.

स्पर्धेच्या आधीचा सराव, शेजारच्या दुसऱ्या उतारावर. मिहिका वरून निघाली आणि खडकापाशी उजवीकडे वळली. डावीकडे वळायचं होतं. खालून बघितलेलं डोक्यात फिरवायला ती शिकलीच नव्हती. प्रणालीने हाका मारल्या, मग तिला अडवायला स्वतः आडवी उतरली. तिच्या पायाखालचा बर्फ सुटला.

मिहिका खडकाच्या आडोशाला होती. वाचली.

प्रणाली दोन तासांनी सापडली.

दहाव्याला आम्ही दोघी गेलेलो. काकी दारातच उभ्या होत्या. “तुझे पोरीला मना दाखवू नको,” एवढंच बोलल्या.

मिहिकाने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तशीच मागे फिरली.

वर्षभर सगळे म्हणतायत, पोरगी चुकली. तिने एकदाही कुणाला सांगितलं नाही की ते कागद आईचे होते. मला वाटलं होतं, कधीतरी चिडून बोलेल. नाही बोलली. बोर्ड माळ्यावर टाकला, आणि आता घरात जिना उतरतानाही ती कठडा धरते.

मीही गप्प राहिले. का, ते नीट सांगता येत नाही. भीती होतीच. पण थोडं बरंही वाटत होतं, की कुणी माझ्याकडे बघत नाहीये. हे त्याहून वाईट आहे.

प्रणाली, तू त्या कागदांवर विश्वास ठेवलास. ते माझे होते. तुला श्रद्धांजली म्हणून माझ्याकडे एवढंच खरं आहे.

काकी, तुम्ही फेसबुकवर नसता. पण तुमची भाची हे वाचेल, तिने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं.

तिथीने परवा वर्षश्राद्ध आहे. मला उंबऱ्याबाहेर ठेवा, आयुष्यभर ठेवा. मिहिकाला मात्र आत येऊ द्या, पाच मिनिटं फोटोसमोर बसू द्या.

तुम्ही नाही म्हणाल, माहीत आहे. तरी आम्ही दहा वाजता दारात असू.