तांब्याच्या रंगाच्या तीन कड्या

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बत्तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडल्यामुळे गल्लीने बहाल केलेली ती पदवी. नोकरी संपली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. दुधाचं माप, विजेचं मीटर, डॉक्टरच्या गोळ्या, सगळीकडे त्यांना पाणी मुरताना दिसे. मागच्या खेपेला जावयाने बदाम आणले, तर साहेबांनी ती पिशवी सगळ्यांदेखत घरच्या काट्यावर ठेवून "चाळीस ग्रॅम कमी!" असं जाहीर केलं. जावई बिचारा भूगोलाचा मास्तर, कानापर्यंत लाल झाला. निघताना लेक दारात थांबून म्हणाली, "बाबा, यांचा पुन्हा असा अपमान झाला ना, तर आम्ही या घरात पाऊल टाकणार नाही." ती बोललेलं करणारी होती. हा हट्ट तिने कुठून उचलला, ते सांगायला नको.

पुढे तिच्या गाडीच्या इंजिनातली टायमिंगची चेन खडखडू लागली. "गॅरेजवाले जुनीच चेन पुसून बसवतात," असं म्हणून साहेबांनी गाडी घरी मागवली, आणि लेक-जावई ती घेऊन मुक्कामाला आले. आपल्या गाड्या ते जन्मभर स्वतःच उघडत आले होते, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात पाना दिला की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. जावयाला त्यांनी उजेडासाठी हातातली बॅटरी धरायला उभं केलं, तेही दोन पावलं लांब.

काम नाजूक होतं. खालचं एक दातेरी चाक आणि वरची दोन, तिन्हींना ती चेन एका तालात फिरवते. एखादा दाता जरी इकडचा तिकडे झाला, तरी आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं भंगार होतं. नव्या चेनमध्ये तीन कड्या तांब्याच्या रंगाच्या होत्या. साहेबांनी प्रत्येक कडी आपापल्या चाकावरच्या ठिपक्यासमोर बसवली, ताण देणारा दांडा लावला आणि कुठे अडत नाही ना हे बघायला पान्याने इंजिन दोन फेरे फिरवलं. कुठेच अडलं नाही, तोच आतून जेवायची हाक आली. मग सगळे जेवायला बसले. जावई सगळ्यांआधी ताटावरून उठला, एवढं साहेबांच्या डोळ्यांनी टिपून ठेवलं.

परत येऊन बघतात तो तिन्ही कड्या भलतीकडेच! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जावईबापू, कशाला हात लावलात?"

"मी? नाही हो बाबा. हात धुवायला गेलो होतो."

"मग कड्या काय आपोआप चालत गेल्या?"

जावयाने वाकून पाहिलं. "पण चाकांवरचे ठिपके तर जागच्या जागी दिसतायत."

"मला शिकवू नका! बत्तीस वर्षं लबाड माणसं पाहिलीत मी."

हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत गेले. लेक बाहेर आली. ती ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं. "आई, आमची बॅग भर," एवढंच ती म्हणाली. पण काटेसाहेबांना मागे हटायची सवयच नव्हती. त्यांनी दांडा सैल केला, चेन उतरवली आणि तिन्ही कड्या पुन्हा ठिपक्यांसमोर आणल्या. दांडा परत कसला. "आता बघतो कोण हलवतं ते."

"आम्ही सगळे इथेच उभे आहोत," लेक म्हणाली. "फिरवा."

त्यांनी पाना लावला. एक फेरा. दुसरा. पाना थांबला तेव्हा तिन्ही ठिपके चोख जागेवर होते, आणि तांब्याच्या कड्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दूर निघून गेल्या होत्या.

"चेनच्या कड्या जास्त आहेत, चाकाचे दाते कमी," जावई हळूच म्हणाला. "त्यामुळे दोन फेऱ्यांनी चाकं जागेवर येतात, चेन येत नाही. कड्या फक्त बसवताना बघायच्या असतील."

म्हणजे जेवणाआधी चेन बरोबरच बसली होती, आणि पाना फिरवून कड्या हलवणारे हात साहेबांचेच होते. ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. आयुष्यात किती दुकानदारांना आपण असंच चोर ठरवून उभं केलं असेल, हा विचार आला आणि त्यांना खरोखर भीती वाटली. बायको बॅग हातात घेऊन दारात उभी होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की बायको म्हणाली, "काय हो? ऐकू नाही आलं."

"चुकलं म्हटलं! जावईबापू, माझं चुकलं."

जावयाने इंजिनाचं झाकण उचललं. "असू द्या बाबा. आता झाकण बसवायचंय ना?"

झाकणाला अठरा बोल्ट होते. साहेबांनी पाना जावयाच्या हातात ठेवला. "मधून सुरुवात करा, थोडे थोडे आवळत बाहेर या," असं सांगून ते घरात गेले आणि खिडकीकडे पाठ करून बसले. बाहेर पाना करकरत होता. सगळे बोल्ट होईपर्यंत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. लेकीने आईच्या हातातली बॅग घेतली आणि पुन्हा कपाटात ठेवून दिली.