खरडची रेवती

गेल्या महिन्यात उमेशचा फोन आला तेव्हा मी तासगावच्या बाजारात होतो. "रेवती गेली रं," तो म्हणाला आणि काय घडलं ते सांगितलं. सांगलीत तिच्या शेजारचा माणूस बायकोला लोखंडी गजानं मारत होता. रेवती मधे पडली. ती बाई वाचली. गज रेवतीच्या डोक्यात बसला.

रेवती आमच्या 'खरड' या रॉक बँडची गायिका. गिटारही तीच वाजवायची. उमेश ड्रमवर, मी बेस गिटारवर. नाव तिनंच ठेवलं, द्राक्षबागेच्या खरड छाटणीवरून. "वेल पार बोडकी केल्याबिगर नवी काडी फुटत न्हाई," म्हणायची. तिच्या वडिलांचा हळदीचा व्यापार. त्यांनी पहिली गिटार उंबऱ्यावर आपटून फोडली, तेव्हा तिनं दुसरी आणली आणि माझ्या काकांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवली. आमची सगळी गाणी तिथंच बसली. आटपाडीच्या जत्रेत लोकांना सिनेमाची गाणी हवी होती. आम्ही आमचं सुरू केलं तशा आधी चपला आल्या, मग दगड. एक तिच्या कपाळावर बसला. डोळ्यात रक्त उतरलं तरी ती गात राहिली. एक जण स्टेजवर चढून तिला ओढू लागला, तर तिनं गिटार उलटी धरून त्याच्या खांद्यावर हाणली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

कुणीतरी हे सगळं मोबाईलवर टिपलं होतं. त्या व्हिडिओमुळं पुण्यापर्यंतची बोलावणी आली. पण आता लोक खालून "फोड गिटार" म्हणून ओरडायचे. कराडला कुणीतरी बाटली फेकून मारली आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं अर्ध्यातच गिटार खाली ठेवली. उमेश भडकला. "लोकांना पायजे ते द्यायला तुझं काय जातंय?"

"त्यास्नी गाणं नको हाय, उमेश. रगात पायजे."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. तिनं त्याचा दात पाडला. बँड तिथंच संपला. दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

परवा उमेश आणि मी शेडमध्ये गेलो. कोपऱ्यात तिचा अँप्लिफायर होता, पुढची जाळी आत दबलेली. तो सरळ कधी सुरूच व्हायचा नाही. सरावाआधी ती त्याला लाथ घालायची. मी बटण दाबलं. काही नाही. मग पायानं जरा ढकललं.

"तसं न्हाई," उमेश म्हणाला. "ती घालायची तशी घाल."

मी सगळ्या अंगानिशी लाथ घातली. अँप्लिफायर घुमायला लागला... तो बंद करायला आमच्यातल्या कुणाचाच हात पुढं झाला नाही.