दाराजवळची सीट

मारेगाव मागे पडलं आणि पहिल्याच गतिरोधकावर आईने गाडीचं दार उघडलं.

गाडी हळू झाली होती, थांबली नव्हती. मी आरशात पाहिलं तेव्हा तिचा एक पाय बाहेर होता आणि खालून रस्ता सरकत होता. मी ब्रेक मारला. माझ्या शेजारी बसलेल्या भाऊजींनी मागे वळून तिचा दंड धरला. आमच्या मागचा ट्रॅक्टर करकचत थांबला आणि ट्रॉलीतल्या कापसावर बसलेल्या माणसाने आमच्या घराण्याविषयी थोडक्यात मत दिलं.

"थांबा ना जी," आई मला म्हणाली. "उतरू द्या."

ती मला 'अहो-जाहो' करत होती, म्हणजे त्या दिवशी मी तिचा मुलगा नव्हतो. गेली काही वर्षं हे असंच चाललं होतं. ती बहिणीकडे मारेगावला राहायची. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून आईला मी यवतमाळला माझ्या घरी नेत होतो. मागच्या सीटवर डावीकडे दाराशी ती, आणि उरलेल्या जागेत तिची गुंडाळलेली गादी आणि बहिणीने दिलेली लोणच्याची बरणी. बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, सोबत आले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खात्याची सभा त्यांच्यापुरती अजून संपलेली नाही. चहात साखर कमी असेल तरी ते आधी मुद्दा क्रमांक सांगतात.

"मुद्दा एक," ते म्हणाले, "गाडी चालू असताना दारं लॉक पाहिजेत."

"लॉकच होती. वेग घेतला की आपोआप होतात. पण आतून हँडल दोनदा ओढलं की उघडतात."

"मुद्दा दोन. मग लहान मुलांसाठी असतं ते लॉक लाव."

ती कळ मागच्या दाराच्या कडेला असते. ती सरकवली की दार आतून उघडत नाही, हँडल कितीही ओढा. मी तिच्याकडे आजवर कधी पाहिलंही नव्हतं.

"आईला कोंडायचं?"

"कोंडणं वेगळं, सुरक्षित ठेवणं वेगळं."

फरक आहे हे मलाही मान्य होतं. फक्त तो आत बसलेल्या माणसाला दिसतो का, एवढीच शंका होती. पण रस्त्यावर टेकू पाहणारा तिचा पाय डोळ्यांसमोरून जात नव्हता. मी उतरलो, दार उघडलं, कळ सरकवली आणि आईकडे न बघता दार लावलं.

मग तो आवाज सुरू झाला. गाडी हळू झाली की टक. खड्डा आला की टक, टक. आई हँडल ओढत होती. सुरुवातीला सावकाश, मग घाईने. भाऊजींनी तिला समजावलं, की सदर दार तांत्रिक कारणाने बंद ठेवण्यात आलं आहे. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि काच खाली करायचं बटण दाबलं. तेही त्यांनी माझ्या बाजूला हात घालून बंद करून टाकलं होतं.

करंजीच्या अलीकडे जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आम्ही अडकलो. गाडी थांबली, हलली, पुन्हा थांबली. डावीकडे पंक्चरचं दुकान होतं, चहाची टपरी होती, बाकड्यांवर माणसं होती. आईने हँडल सोडलं आणि दोन्ही तळहातांनी काच बडवायला सुरुवात केली.

"उघडा हो कोणी. दार उघडत नाही हा माणूस."

त्या दिवसांत आमच्याकडच्या मोबाइलवर टोळ्यांविषयीचे निरोप फिरत होते. पांढऱ्या गाडीतून माणसं पळवतात वगैरे. माझी गाडी पांढरी होती. बाकडी रिकामी झाली. कोणीतरी बॉनेटवर हात ठेवला, पंक्चरवाला माझ्या खिडकीशी आला आणि मी काच खाली करताच त्याने आत हात घालून किल्ली काढून घेतली.

"अम्मा को काहे को बंद किया?"

"माझी आई आहे."

"सब यहीच बोलते."

"हे पाहा," भाऊजी म्हणाले, "मी शासकीय सेवेतून वर्ग एक पदावरून..."

"चोर बी आजकाल साहेबच दिसते, काका," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही. गाडीला माणसं चारही बाजूंनी चिकटली होती आणि एकाने मोबाइल वर धरला होता. अशा वेळी खरं बोलणाऱ्याचा चेहराही खोटा दिसतो, हे मी वाचलं होतं. आरशात पाहून खात्री झाली.

किल्ली निघताच लॉक सुटली होती. टपरीवाल्या बाईने बाहेरून दार उघडलं. शेजारून ट्रक सरकत होते, आणि आई त्या गर्दीत शिरली असती तर ती कुठे निघाली हे तिला कोणी विचारूनही कळलं नसतं.

पण आई कुठेच गेली नाही. ती उतरली, पदर सारखा केला, एक पाऊल बाजूला झाली आणि दार उघडं धरून उभी राहिली. आत बघत. कुणाची तरी वाट बघत.

"आजी, हा कोण होय तुमचा?" टपरीवाल्या बाईने विचारलं.

"डायवर हाय. माणूस चांगला हाय, पण दार नाही उघडत."

माझ्याकडे वळलेल्या नजरा मी मोजल्या नाहीत.

"मंग तुम्हाले कुठं उतरायचं हाय?"

"मले नाही वं. आतल्या बाईले उतरायचं हाय. मी दारापाशी बसली, तर मलेच उतरा लागते ना."

सगळ्यांनी आत पाहिलं. आत गादी होती आणि लोणचं.

आई आरोग्यसेविका होती. तिची सारी नोकरी मांडीवर लशींचा डबा घेऊन प्रवाशांच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये गेली. त्या जीपचा कायदा साधा असतो: जवळच्याने दाराशी, लांबच्याने आत. आणि आतलीला उतरायचं असेल तर दाराजवळचीने आधी खाली उतरायचं, ती गेली की पुन्हा बसायचं. मधल्या सीटवर चार-पाच बायका असायच्या. जीप हळू झाली की आई उठायचीच. ती पळत नव्हती. ती वाट देत होती, आणि आम्ही तिला ते करू देत नव्हतो.

मी खाली उतरलो. कोणी अडवलं नाही, फक्त सगळे जवळ आले. तिला 'आई' म्हणण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हर प्रवाशाला आई म्हणत नाही.

"नर्सबाई," मी म्हणालो, "आतली उतरली. आता तुम्ही आत सरका. तुमचं गाव शेवटचं."

"कोणतं?"

"यवतमाळ."

"मंग आधी सांगा लागते ना जी. कायले दारापाशी बसवलं मले?"

मी गादी काढून पुढच्या सीटवर टाकली. आई आत सरकली. टपरीवाली बाई तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती.

"नाक पाहा ना याचं," ती गर्दीला म्हणाली. "मायचंच हाय."

माझ्या वतीने दिलेला हा एकमेव पुरावा ग्राह्य धरला गेला. वर्ग एक पदाचा विचार झाला नाही. पंक्चरवाल्याने किल्ली परत दिली आणि म्हणाला, "गुस्सा नको. जमाना खराब है."

मी कळ पुन्हा वर सरकवली. दाराजवळच्या सीटवर भाऊजी बसले, मांडीवर बरणी घेऊन. मोहद्याच्या गतिरोधकावर आईने त्यांच्या खांद्याला बोट लावलं.

"भाऊ, उतरा जरा. आतल्या बाईले उतरायचं हाय."

भाऊजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी गाडी कडेला घेतली, पूर्ण थांबवली. ते बरणीसह खाली उतरले, दार धरून उभे राहिले, आणि योग्य तेवढा वेळ गेल्यावर पुन्हा आत बसले. यवतमाळपर्यंत असं तीनदा झालं. एकदाही मुद्दा निघाला नाही.

घरासमोर गाडी थांबली. भाऊजी उतरून बाजूला झाले. बायको फाटकाशी उभी होती. आई हलली नाही. तिने मागे वळून पाहिलं, सीटच्या खाली पाहिलं.

"कोणी राहिलं का?" तिने मला विचारलं.

"नाही, बाई. तुम्हीच शेवटच्या."

ती सरकत सरकत दाराशी आली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. दाराच्या चौकटीला धरून ती स्वतःच खाली उतरली.

"जा आता," ती मला म्हणाली. "तुमची परतीची सवारी खोळंबली असन."

आणि बायको समोर उभी असताना, फाटकाच्या आत जायचं सोडून मी पुन्हा गाडीत बसलो, किल्ली फिरवली आणि आई आत जाईपर्यंत इंजिन चालू ठेवलं.