आत्याची न दुखणारी गाठ

कुंभार पिंपळगावात आमच्या आत्याला सगळे कासेची आत्या म्हणत. कुणाच्या मेंढीची कास सुजली की माणसं हिच्याच दारात. ती डोळे मिटून कासेवरून हात फिरवायची. मेंढीनं लाथ झाडली की म्हणायची, "दगडी हाय. जल्दी दवा करा." मेंढी गप उभी राहिली तर, "दुखत न्हाई ना? मंग काही न्हाई. ने घरी." त्यावर कुणी वाद घालत नसे.

पदराच्या बाबतीत मात्र भलती कडक. सत्तरी उलटली तरी मेंढरांमागं उन्हातान्हात फिरायची, पण डोईवरचा पदर ढळायचा नाही. मी घनसावंगीला शिक्षिका. सुट्टीत गेले की माझ्या ओढणीवरून हमखास बोलणी खायची.

तर ही बाई एकदा लोकर निवडता निवडता, एखाद्या मेंढीबद्दल बोलावं तसं म्हणाली, "माझ्या बी छातीत खडा झालाय. दिवाळीपासून हाय."

अगं बाई! मी किंचाळलेच. "आणि आज सांगतेस?"

"दुखत न्हाई म्हणल्यावर कशाला बोभाटा?"

मेंढीचा नियम हिनं बिनदिक्कत स्वतःला लावला होता. मला रागानं रडूच कोसळलं.

शहरातल्या दवाखान्यात सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छातीतली गाठ बहुतेक वेळा दुखत नाहीच. पण लहान आहे, पसरलेली दिसत नाही. ऑपरेशन करू, मग काही वर्षं रोज एक गोळी." हे ऐकून मी निम्मी सावरले होते, तर घरी दुसराच धक्का. आत्याची धाकटी जाऊ गयाबाई दारातच कडाडली, "या वयात कापाकापी? सुखानं मरू द्या की म्हातारीला!" आत्याच्या मुलानं मान डोलावली. माझं डोकंच फिरलं. "चाळिशीची असती तर हेच म्हणाला असतात का?" मी विचारलं.

आत्यानं पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनाच गाठलं. "म्हाताऱ्या मेंढीला आम्ही दवा करत न्हाई, इकून टाकतो. तुम्ही मला कशामुळं करून राह्यल्या?"

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र शांत होत्या. "आजी, तुमचं हृदय धडधाकट आहे, पाय माझ्यापेक्षा चांगले चालतात. ही गाठ काढली तर पुढची पुष्कळ वर्षं तुमची आहेत."

आत्यानं थोडा विचार केला. "बराबर. मंग काढा."

एका बाजूची छाती काढली. जखम भरली, गोळी सुरू झाली आणि आत्या पुन्हा मेंढरांमागं जायला लागली. मग एका दुपारी तिनं वस्तीवरच्या बायांना घरात बोलावलं, दार लावलं आणि सगळ्यांसमोर पदर खाली टाकून चोळीची गाठ सोडली. हीच का ती ओढणीवरून बोलणारी बाई?

"बघा नीट," ती म्हणाली. "हितं होती. जिती हाय ना मी?"

बायांनी तोंडं फिरवली. गयाबाई तेवढी टक लावून त्या व्रणाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही लाज काढणार. ती उठली, आत्याचा हात धरला आणि स्वतःच्या पदराआड नेऊन दाबून ठेवला.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"लई दिसाची हाय, बाई," गयाबाई म्हणाली. "मला बी घेऊन चल."