साखळीला दिलेला पीळ

ऑरिन त्वेटला गाडीमागे काही जोडण्यातलं कळत नाही, असं म्हणणारा माणूस अख्ख्या उत्तर मिनेसोटात सापडायचा नाही. तेहतीस वर्षं त्याने काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक हाकला. निवृत्त झाल्यावर त्याला एकच काम उरलं. मे महिन्यात मासेमारी खुली झाली की पहाटेच तळ्यावर जायचं, जिथून बोटी पाण्यात सोडतात त्या धक्क्यावर पालथी बादली टाकून बसायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि येणारा प्रत्येक ट्रेलर डोळ्यांखालून घालायचा. बघायचं फक्त. बोलायचं नाही.

आमच्याकडे ही रीतच आहे मेली! कुणाची बायको, कुणाचं चर्च आणि कुणाचा ट्रेलर, याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एखादा शहाणा बोट सोडताना अर्धा ट्रक पाण्यात घालतो, तरी बाकीचे आभाळाकडे बघत उभे. फारच झालं तर, "वारा सुटलाय, नाही?" एवढंच. ऑरिन या कामात सगळ्यांच्या वरताण होता.

त्या वर्षी पहिल्या दिवशी, सकाळी साडेसहाला, मर्ल आला. मर्ल म्हणजे ऑरिनचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, एल्नाचा, धाकटा भाऊ. नवीकोरी बोट, चांगली वीस फुटी, आणि तिच्याखाली ट्रेलरही नवा. हे नवे ट्रेलर स्वतःचे ब्रेक स्वतःच लावतात. पुढच्या ट्रकने वेग कमी केला की बोटीचं वजन मागून रेटतं, ट्रेलरचं नाक आत दबतं आणि त्याच्या चाकांना ब्रेक लागतो. झकास युक्ती आहे, पण नाक ट्रकमागच्या लोखंडी गोळ्यावर घट्ट बसलेलं आहे तोवरच. सुटलं तर नाक दाबणार कोण? म्हणून तर दोन साखळ्या असतात आणि एक बारीक तार असते.

ऑरिनने बादलीवरूनच पाहिलं आणि थर्मास खाली ठेवला. साखळ्या कैचीसारख्या एकीवरून एक घालायच्या, म्हणजे नाक निसटलंच तर त्या झोळीत पडतं, रस्त्यावर आपटत नाही. मर्लने त्या सरळ लावल्या होत्या. वर लांब पडतात, रस्त्याला घासतील म्हणून दोन्हींना चांगला पीळ देऊन आखूड केल्या होत्या. पिळलेल्या साखळीत अर्धाच दम उरतो, हे ऑरिनने आयुष्यात दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ती तार! ट्रेलर सुटला तर ताणली जाऊन ब्रेक गच्च लावणारी तार, जिचं टोक ट्रकलाच अडकवायला हवं, ती मर्लने ट्रेलरच्याच जॅकभोवती गुंडाळून वर छानपैकी गाठ मारली होती. लोंबू नये म्हणून! नीटनेटका माणूस ना तो.

"कशी वाटते रे?" मर्लने विचारलं. छाती नुसती फुगलेली.

ऑरिनच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मागे चार गाड्या रांगेत, चार जण कान देऊन उभे, आणि मर्लचा हा एवढा आनंद.

"वाईट नाही," ऑरिन म्हणाला. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नसते.

बरं, धक्क्यापासून गावाकडे जायचं तर एक टेकडी चढून पलीकडे सरळ खाली उतरावं लागतं. उतार संपतो तिथे मासळीचं आमिष विकणारं दुकान आहे आणि दुकानापुढे एल्ना बसते. चर्चच्या छपराच्या वर्गणीसाठी ती रुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेले 'पाय' विकते, आज एकोणीस वर्षं. पत्र्याचं टेबल, घडीची खुर्ची आणि तिच्यावर तिने स्वतः विणलेली निळी उशी. हे गावात कुणाला माहीत नाही? ऑरिन तर सकाळी स्वतः ते टेबल मांडून आला होता.

सहा तास तो त्या बादलीवर बसला. सहा तास! मर्ल परत येईल तेव्हा हळूच बाजूला घेऊन सांगू, असं मनाशी घोकत होता. दुपारी मर्ल आला, बोट ट्रेलरवर चढवली, चार मासे उचलून दाखवले आणि ऑरिनने हात हलवून निरोप दिला. झालं.

दोन मिनिटांनी टेकडीपलीकडून आवाज आला. आधी लोखंड रस्त्यावर घासल्याचा, मग क्षणभर काहीच नाही, मग धाडकन.

ऑरिनने थर्मासचं झाकण टाकलं. "एल्ना," एवढंच तो म्हणाला आणि पिकअपकडे धावला. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा माणूस, धावला! टेकडीच्या माथ्यावर मर्लचा ट्रक आडवा उभा होता, मागे तुटक्या साखळीचं लोंबतं टोक आणि ट्रेलरचा पत्ताच नाही. खाली दुकानाच्या भिंतीत बोट नाकापर्यंत घुसली होती. टेबल नव्हतं. खुर्ची नव्हती. निळी उशी रस्त्याच्या मधोमध पडली होती. ती पाहिली आणि ऑरिनने पिकअप थेट उताराखाली नेली. दार उघडं टाकूनच तो खाली उतरला.

आणि दुकानाच्या मागल्या दारातून एल्ना बाहेर आली. हातात ओली सुरी. रुबार्बने चिकट झालेली सुरी धुवायला ती आत गेली होती, देवा!

तिने भिंत पाहिली, बोट पाहिली, आपली जागा पाहिली. मर्ल रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडत होता. "ट्रकवरचा गोळा जुन्याच बोटीचा राहिला गं, लहान पडला. गचका बसला आणि निसटलं बघ!"

शेरीफच्या ऑफिसातली जोलीन वही काढून आली. धक्क्यावरचे सगळे एव्हाना गोळा झाले होते. "गोळ्याचं कळलं. पण साखळ्या होत्या, तार होती. त्या कशा लावल्या होत्या, कुणी पाहिलं का?" तिने विचारलं.

सगळे आभाळाकडे बघायला लागले.

"मी पाहिलं," ऑरिन म्हणाला. "साखळ्या पिळलेल्या होत्या. तार जॅकला बांधलेली. सकाळी साडेसहाला पाहिलं."

एल्ना वळली. "सकाळी? आणि मी इथे खाली बसलेय, हे?"

"माहीत होतं."

मग सकाळच्या रांगेतल्या लायल बर्गक्विस्टने टोपी काढली. "मीही पाहिलं होतं, एल्ना." त्याच्यामागे त्याचे दोघे भाऊ, मग चर्चचे पास्टरसुद्धा. पास्टरसुद्धा! पाच जण निघाले.

"पाच जणांना दिसलं," एल्ना म्हणाली. "आणि मला मरू द्यायला तयार होतात, पण मर्लला वाईट वाटू द्यायला नाही?"

तिने रस्त्यातली उशी उचलली, झटकली आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिन धक्क्यावर गेला, पण बादलीवर बसला नाही. पहिला आला तो आयोवाचा कुणी अनोळखी होता, साखळ्या सरळ लावलेल्या. ऑरिन थेट त्याच्या खिडकीशी गेला.

"खाली उतरा. साखळ्या चुकल्यात, पुन्हा लावू या."

माणूस भडकला. "तुम्ही कोण मला सांगणारे? माझा ट्रेलर आहे!"

"तुमचाच आहे," ऑरिन म्हणाला. "पण उताराखाली माझी बायको बसते."