आतोबांची मलमपट्टी

पोलादपूर तालुक्यात माणसं चेहऱ्यावरून ओळखतात. आमचे आतोबा ती पायांवरून ओळखत. सरकारी दवाखान्यात जखमा धुण्याबांधण्यात उभी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर तेच काम ओटीवर फुकट सुरू राहिलं. एका लग्नात एक पाहुणा एकच चप्पल घालून मांडवात शिरला. दुसरी वाटेत गळाल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. आतोबांनी त्याच्या पानातला लाडू काढून घेतला आणि म्हणाले, "पायाला चप्पल कळत नाय, तुला साखर हाय." तपासणीत ती निघाली. तेव्हापासून आतोबा असलेल्या पंगतीत लोक पाय मांडीखाली दडवून बसू लागले. आत्या म्हणायची, "पट्टी गुंडाळतात त्या निगुतीनं यांनी मला कधी शाल पांघरली नाही."

त्यांचा वेद एकच: जखम कोरडी हवी. या वेदाची परीक्षा घेतली महाडच्या ट्रकवाल्या चाचांनी. आंबेनळी घाटात जन्म घालवलेल्या या माणसाच्या तळव्याला साखरेची जखम झाली, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की महिन्याभरात उतार पडला नाही तर पाय घोट्यापासून काढावा लागेल. त्यांनीच जखमेत भरायची एक पारदर्शक जेल सुचवली. चाचांच्या मुलानं ती दुबईहून पाठवली. पट्टी मात्र आतोबांनीच करायची, ही चाचांची अट. जेल जखम ओली ठेवते हे ऐकून आतोबा भडकलेच. ओल भाताच्या रोपाला लागते, माणसाच्या पायाला नाही, असं त्यांनी मला सुनावलं, जणू जेल मीच काढली होती.

तिसऱ्या दिवशी महाडला जाऊन पट्टी सोडली तर आत पिवळट राड. आतोबांना वाटलं, पू. त्यांनी जेल पुसून टाकली, पावडर मारली आणि जखम ठणठणीत कोरडी करून आले. आठ दिवसांत तिच्यावर काळी खपली धरली, आणि खपलीखाली जखम खोल गेली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून जेलच्या खोक्यातला माहितीचा कागद माझ्याकडे आला. मेलेलं मांस सुटून जेलमध्ये उतरतं, तेव्हा ती पुवासारखी दिसते, पण तो पू नव्हे, असं त्यात लिहिलं होतं. आतोबांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही महाडला गेलो. चाचांच्या घरी सगळं गणगोत बसलं होतं. आतोबा उभ्यानंच म्हणाले, "चाचा, चूक माजी हाय. औषधाची नाय." सत्तरीच्या माणसानं जन्माची विद्या अशी चारचौघांत उतरवून ठेवावी, याचा मला आजही अभिमान वाटतो. मग ते रोज एसटीनं महाडला जात, ती राड हलक्या हातानं धुवून नवी जेल भरत. महिनाअखेरीस जखमेच्या तळाशी लाल मांस दिसू लागलं. एक बोट गेलं, पाय राहिला. पुढे महाडचे डॉक्टरच आपले रोगी आतोबांच्या ओटीवर धाडू लागले.

आतोबा गेले तेव्हा चाचांनी खांदा दिला. बाकी सगळे अनवाणी, चाचांच्या पायात बूट. कुणीतरी ते काढायला सांगितलं. चाचा न थांबता म्हणाले, "अनवाणी चालायचं नाय, हा यांचाच हुकूम हाय."

मी ओटीवरून बघत होते. वळणापर्यंत चाचांचं पाऊल एकदाही अडखळलं नाही. आतोबांनी ते बघायला हवं होतं.